उद्ध्वस्त नगरातले खेळाडू

लखनौ आणि खेळ हे दोन शब्द एकत्र उच्चारले गेले की साहित्याच्या वाचकाला प्रेमचंदांचे मीर आणि मिर्झा आठवल्यावाचून राहत नाहीत. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शतरंज के खिलाड़ी’ या कथेतील हे दोन जहागीरदार गोमतीपलीकडच्या एका ओसाड मशिदीत पट मांडून बसतात. बादशहा कैद होऊन जातो तरी ते जागचे हलत नाहीत. पटावरच्या एका डावावरून मात्र एकमेकांचा जीव घेतात. सत्यजित राय यांनी १९७७ साली या कथेवर चित्रपट काढला तेव्हा त्यांनी दोघांनाही जिवंत ठेवले, आणि पिस्तुलाची गोळी शालीला चाटून गेल्यावर त्यांना पुन्हा डाव मांडायला लावला. या बदलाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यातला एवढाच धागा घ्यायचा की खेळणाऱ्या माणसावर त्याच्या खेळासाठी कोणता आरोप ठेवावा, याविषयी या दोन थोर कलावंतांचेही एकमत झाले नाही.

आज मात्र असे एकमत फार लवकर होते. जून २०२२ मध्ये लखनौत एका अल्पवयीन मुलावर घरातल्याच पिस्तुलाने आईचा जीव घेतल्याचा आरोप झाला, आणि दुसऱ्या दिवशी देशभरच्या मथळ्यांत एका व्हिडिओ गेमचे नाव झळकले. पिस्तूल घरात कोठे आणि कसे ठेवलेले असते, त्या घरात कोण कोणाशी काय बोलत होते, हे प्रश्न खालच्या परिच्छेदांत गेले. खेळ निर्दोष असतो असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु ज्या वस्तूविषयी समाज इतक्या ठामपणे निवाडा देतो, ती वस्तू आतून कशी आहे हे पाहण्याचे कष्ट निवाडा देणारे क्वचितच घेतात. कादंबरी न वाचता तिच्यावर अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाला आपण हसतो. खेळाच्या बाबतीत तीच रीत सर्रास खपून जाते.

म्हणून एक खेळ जरा जवळून पाहू. कीव्ह येथील जीएससी गेम वर्ल्ड या संस्थेने २० नोव्हेंबर २०२४ रोजी ‘स्टॉकर २ : हार्ट ऑफ चोर्नोबिल’ प्रसिद्ध केला. २००७ साली सुरू झालेल्या मालिकेचा हा उत्तरभाग. लालबागेतल्या नाझा मार्केटमध्ये सुटे भाग निवडून संगणक जुळवून घेणाऱ्या तरुणाला तो आपल्या यंत्रात सुमारे १६० गिगाबाइट जागा मागतो. म्हणजे हौस स्वस्त नाही. चेर्नोबिलच्या निर्मनुष्य टापूत, ‘झोन’मध्ये, हा खेळ घडतो. स्किफ नावाचा नायक तेथे येतो तो वीरश्रीने नव्हे. झोनमधून बाहेर पडलेल्या एका चमत्कारिक वस्तूमुळे त्याचे राहते घर उद्ध्वस्त झाले आहे आणि त्याचे कारण त्याला हवे आहे.

या कल्पनेचे कूळ साहित्यातलेच आहे. स्ट्रुगात्स्की बंधूंची ‘रोडसाइड पिकनिक’ ही कादंबरी १९७२ मधली. तिच्यावरून तारकोव्हस्कीने १९७९ मध्ये ‘स्टॉकर’ हा चित्रपट केला. कादंबरीतला मनुष्य पुढे पाऊल टाकण्यापूर्वी लोखंडी तुकडा फेकून वाट निर्धोक आहे की नाही ते पाहतो. खेळातही तेच करावे लागते. खिशातले बोल्ट फेकीत, गायगर यंत्राची टिकटिक ऐकत, पावलापावलाने पुढे जायचे. बंदूक हाती आहे खरी, पण ती झिजते, ऐन वेळी अडते, आणि काडतुसे नेहमीच कमी पडतात. भूक लागते, पाव शोधावा लागतो. जखमेतून रक्त वाहते, पट्टी संपलेली असते. पाठीवरचे ओझे वाढले की धाव मंदावते. तेव्हा रायफल ठेवावी की अन्न, हा प्रश्न खेळाडूला दर घटकेला पडतो. मधूनच आकाश लाल होते आणि सारे सोडून आसरा गाठावा लागतो. नेमबाजीचा खेळ म्हणून ज्याची गणना होते त्यात बराचसा वेळ भीत, मोजत आणि वाट पाहत जातो, हे बाहेरून पाहणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

त्यातच हा उत्तरभाग ज्या परिस्थितीत तयार झाला तिची छाया त्याच्यावर आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियन सैन्य युक्रेनमध्ये शिरले ते चेर्नोबिलच्या टापूतूनही. मार्चअखेरपर्यंत तो टापू त्याच्या ताब्यात होता. संस्थेतील बरीच माणसे प्रागला गेली, काही देशातच राहिली. पूर्वीच्या एका भागावर काम केलेले व्होलोदिमिर येझोव्ह डिसेंबर २०२२ मध्ये बाखमुतजवळ लढताना मारले गेले. शीर्षकातील नावाचे रशियन वळण टाकून युक्रेनी वळण घेतले गेले. उद्ध्वस्त जगाची कल्पना करणाऱ्यांच्या दारातच असा विध्वंस यावा, हे साहित्याच्या इतिहासातही वारंवार घडलेले नाही.

एवढे मान्य करूनही एक आक्षेप उरतो, आणि तो हिंसेविषयीच्या नेहमीच्या आक्षेपाहून वेगळा आहे. हा खेळ, आणि त्याच्या जातीचे बहुतेक खेळ, जगून राहणे ही एकट्याची करामत समजतात. शेकोटीभोवती गिटार वाजते, सौदे होतात, टोळ्यांशी सलोखा होतो. पण शेवटी जगतो तो एकटा, आपल्या पिशवीच्या आणि नेमाच्या बळावर. प्रत्यक्ष चेर्नोबिलचा इतिहास निराळा आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रिप्यातमधली सुमारे ४९ हजार माणसे हजाराहून अधिक बसगाड्यांतून हलविण्यात आली. पुढे सफाईच्या कामावर सुमारे ६ लाख माणसे राबली. छपरावरचा किरणोत्सर्गी ढिगारा त्यांच्यातल्या काही हजारांनी चक्क फावड्यांनी ढकलला. नंतर बंदी झुगारून आपल्या गावी परत गेल्या त्या बहुतेक म्हाताऱ्या बायका. बटाटे लावीत, कोंबड्या पाळीत त्या तेथे राहिल्या. मालिकेच्या पहिल्या भागात स्त्री जवळजवळ नाही आणि मूल तर नाहीच. उत्तरभागात काही स्त्रिया आल्या, पण बटाटे लावणाऱ्या त्या म्हातारीला मध्यवर्ती जागा अजून मिळालेली नाही.

लखनौच्या खेळाडूला याचा पडताळा पाहण्यासाठी युक्रेनपर्यंत जाण्याचे कारण नाही. १७८४ च्या सुमारास अवधात भीषण दुष्काळ पडला असता आसफुद्दौला नवाबाने बडा इमामबाडा बांधायला घेतला. दिवसा उभारलेले रात्री पाडीत, म्हणजे काम पुरत राही, आणि रात्रीच्या अंधारात खानदानी माणसांनाही चेहरा न दाखवता मजुरी करता येई, अशी दंतकथा सांगतात. दंतकथा खरी असो वा नसो, लोकांनी ती जपली, आणि संकटात माणूस कशाने जगतो याविषयीची या नगराची समजूत तीत आहे. भुलभुलैयात वाट चुकण्याची मौज घेणाऱ्या प्रवाशाला ती इमारत अन्नछत्रासारखी होती हे क्वचितच सांगितले जाते.

रेसिडेन्सीचे भग्नावशेष तर याहूनही बोलके आहेत. ३० जून १८५७ पासून नोव्हेंबरपर्यंत चाललेल्या वेढ्यात आत सुमारे ३ हजार माणसे होती. त्यांत बायकामुले होती, आणि इंग्रजांच्या बाजूने लढणारे सुमारे ७०० हिंदी शिपाईही होते. तोफगोळ्यांच्या खुणांसह त्या भिंती जपून ठेवल्या गेल्या आणि १९४७ पर्यंत तेथला इंग्रजी ध्वज रात्रीही उतरवीत नसत. भग्नता कोणाची जपायची हेही सत्ताच ठरविते. सिकंदरबागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सुमारे २ हजार शिपाई मारले गेले. १८५८ मध्ये फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने त्या आवाराचे चित्र घेतले. अंगणात हाडे विखुरलेली दिसतात. चित्र घेण्यासाठी ती मुद्दाम मांडली गेली असावीत असे अनेक अभ्यासक मानतात. उद्ध्वस्त जगाचे देखणे दृश्य रचण्याचा उद्योग संगणकाने सुरू केला नाही, तो त्याच्या कितीतरी आधी लखनौत येऊन गेला होता.

खेळातली पडकी घरे इतकी सुंदर का वाटतात, हा प्रश्न खेळाडूने विचारायला हवा. पण तो विचारण्यासाठी भाषा हवी, आणि खरी उणीव तेथे आहे. ‘स्टॉकर २’ युक्रेनी आणि इंग्रजीत बोलतो, इतर कित्येक भाषांत त्याचा मजकूर वाचता येतो. त्यांत हिंदी नाही, उर्दू नाही, मराठी नाही. लखनौतला वा नागपुरातला तरुण रात्र रात्र ज्या अनुभवातून जातो त्याला त्याच्या भाषेत नाव नाही. घरात त्या अनुभवासाठी एकच शब्द आहे, ‘व्यसन’. विद्यापीठांचे भाषाविभाग कथा-कादंबरीची चिकित्सा करतात, चित्रपटालाही त्यांनी बऱ्याच विलंबाने का होईना दार उघडले. खेळ अजून उंबऱ्याबाहेर आहे. पारिभाषिक शब्दांचा कोश करून हे भागणार नाही. जो खेळला आहे त्याने लिहिले पाहिजे, आणि ज्याने प्रेमचंद वाचले आहेत त्याने खेळून पाहिले पाहिजे.

मराठीपुरते बोलायचे तर तुलनेचे साधन जवळच आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये उत्तरेत गेले, झाशीच्या कत्तलीत सापडले, शहर लुटले जात असता लपून राहिले आणि त्यातून वाचले. ‘माझा प्रवास’ त्यांनी पंचवीसएक वर्षांनी लिहिला आणि तो १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला. उद्ध्वस्त नगरातून बाहेर पडलेल्या माणसाची ती हकीकत आहे, आणि तीतही तहान आहे, भय आहे, आणि मिळविलेले द्रव्य वाटेत पुनःपुन्हा गमावणे आहे. पाठीवर काय घ्यावे आणि काय टाकावे हा स्किफचा प्रश्न भटजींनाही पडलाच होता. ते घरी परतले तेव्हा त्यांच्या खांद्यावर गंगेच्या पाण्याची कावड होती. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले.