काय घातलंय ते नंतर, आधी काय काढलंय ते सांगा

मूर्तीला गेलेला तडा कसा बुजवायचा हे मला चांगलं ठाऊक आहे. पेणजवळ जोह्यात माझा गणपतीचा कारखाना आहे, तीस वर्षं हेच काम. साच्यातून मूर्ती निघताना कधी मांडीला, कधी सोंडेच्या मुळाशी केसाएवढी रेघ येते. तिच्यात ओलं प्लास्टर भरायचं, सुकलं की पॉलिश पेपर मारायचा, वरून पांढऱ्या रंगाचा हात द्यायचा. पितांबराचा पिवळा चढला की ती रेघ मलाही सापडत नाही. नखाने टिचकी मारली तरच आवाजातला फरक कळतो. रेघ बारीक असेल तर मूर्तीचं काही बिघडत नाही. तडा आरपार असेल तर ती मूर्ती आम्ही गिऱ्हाइकासमोर ठेवत नाही.

२०१८ मध्ये मी जुनी जीप घेतली, तेव्हा हीच टिचकी मारायची मला आठवण झाली नाही. आता माझा पुतण्या तशीच एक मॉडिफाय केलेली थार घ्यायला निघाला आहे. त्याच्यासारखी मुलं पेणपासून रोह्यापर्यंत गावोगाव आहेत, हातात चार पैसे आले की त्यांना अशीच गाडी हवी असते. म्हणून हे लिहितो आहे.

मला जीप हवी होती ती कामासाठी. कारखान्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत दीडशे पावलांची माती आहे. आषाढात ती माती राहत नाही, लोणी होते. मूर्ती भरलेला टेम्पो त्यात बसला की बाहेर काढायचा कसा? ट्रॅक्टरने हिसका दिला की आतल्या मूर्तीचा हात गेलाच समजा. चारही चाकं ओढणारी जीप लो गिअरमध्ये टाकली, दोर ताणून घेतला आणि मुंगीच्या चालीने पुढे सरकली, तर टेम्पो अलगद निघतो. शिवाय बांधापलीकडे आमची थोडी खारजमीन आहे. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की रात्रीअपरात्री माती न् गोणी घेऊन धावावं लागतं. तिथे साधी गाडी जात नाही.

घाटावरच्या एका हौशी माणसाची जीप मिळाली. एमएम ५४०, १९९६ सालची. कंपनीच्या टायरपेक्षा मोठे मड टायर, पुढे जाड लोखंडी बंपर, त्यावर विंच, टपावर चार दिवे, बॉनेटच्या बाजूने वर गेलेलं स्नॉर्केल, पाटे वाढवून उंच केलेली गाडी. त्याने मला एक यादी दिली होती. काय काय घातलं, कधी घातलं, कितीला पडलं, सगळं नीट लिहिलेलं. दोन लाख साठ हजारांत सौदा झाला. गाडी गावात आली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कवऱ्याला घेतलीस रं गारी?" मी आकडा सांगितला आणि ती यादीही वाचून दाखवली.

त्या यादीत काय काढलं ते कुठेच नव्हतं.

दोन पावसाळे गाडीने काम केलं. त्यातल्या एका पावसाळ्यात प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस दोनदा गेला. पन्नासच्या पुढे गेलं की स्टिअरिंग हातात थरथरायचं, हमरापूरहून वडखळला जाईपर्यंत खांदे भरून यायचे. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं मी धरून चाललो. मग २०२१ मध्ये तिच्या नोंदणीची मुदत संपली. खासगी गाडीला पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. गाडी तपासायला नेली. इंजिनाचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळेना. आधीच्या पासिंगनंतर कोणीतरी कंपनीचं इंजिन काढून दुसऱ्याच गाडीचं बसवलं होतं आणि कागदावर त्याची नोंद नव्हती. गाडी परत पाठवली, त्यात तपासणाऱ्याचं काही चुकलं नाही. घेताना मी चासी नंबर ताडून पाहिला होता. इंजिनावर ग्रीस आणि चिखलाचा थर होता, तो पुसून नंबर वाचायचं राहून गेलं होतं.

मग पेणच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गाडी खड्ड्यावर चढवली. त्याने बंपरमागे, चासी जिथे पुढे निमुळती होते तिथे, रॉकेलचा बोळा फिरवला. काळा रंग निघाला. खाली राखाडी पुटी. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं. चासीच्या लोखंडाचा टणत्कार येत येत त्या हातभर जागेवर आवाज एकदम बसका झाला. तो आवाज मी आयुष्यभर ऐकलेला होता. पुटीचे पापुद्रे निघाले आणि आत वेल्डिंगची फुगीर रेघ दिसली, अर्ध्यात तुटलेली. फटीत टाचणी सहज गेली असती, आणि तिच्या कडेने तांबडा गंज ओघळला होता. विंच बसवण्यासाठी कोणीतरी चासीचं तोंड कापलं होतं आणि तसंच परत जोडून, पुटी भरून, रंगवून टाकलं होतं. मिस्त्री एवढंच म्हणाला, "तुम्ही हिला ओढायला घेतलीत. ओढताना हिचं तोंडच हातात आलं असतं." मागे मूर्ती भरलेला टेम्पो आणि टेम्पोला खांदा लावून उभी असलेली आमची चार पोरं, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून आजही जात नाही.

हँडब्रेकची केबल काढून टाकलेली होती. मूळ पाटे, मूळ टायर, मूळ बंपर यांतलं काहीच नव्हतं. त्याच जातीचं इंजिन बिलासकट शोधणं, परवानगी घेऊन ते बसवणं, पुस्तकावर चढवणं, चासीला दोन्ही बाजूंनी पट्टी मारणं, सगळं मिळून एक लाख चाळीस हजार रुपये आणि चार महिने गेले. तो सगळा हंगाम जीप ताडपत्रीखाली होती.

तेव्हापासून माझं सांगणं एकच आहे. मॉडिफाय केलेली गाडी विकणारा घातलेल्या वस्तू दाखवतो, कारण त्या दिसतात आणि त्यांना किंमत लावता येते. गाडीची खरी गोष्ट मात्र जे कापलं, काढलं, फेकून दिलं त्यात असते. तेच आधी विचारा. मूळ सामान कुठे आहे? मूळ सामान जपून ठेवणारा माणूस सहसा गाडी कापत नाही.

पुतण्याची थार २०१६ ची, जुन्या बांध्याची. जाहिरातीत तेहेतीस इंची टायर आणि 'आठ लाखांचं काम' असं ठळक लिहिलेलं. मी त्याला कागद-पेन्सिल घेऊन बसवलं. त्या थारचा कंपनीचा टायर २३५/७० आर १६, म्हणजे उंचीला साधारण एकोणतीस इंच. तेहेतीसचा घातला की चाक एका फेरीत चौदा टक्के जास्त अंतर कापतं आणि मीटरला ते कळत नाही. काटा साठवर असतो तेव्हा गाडी अडुसष्टने पळत असते. त्या टायरवर मीटरने साठ हजार किलोमीटर मोजले असतील तर गाडी अडुसष्ट हजार चाललेली असते. मीटरला कोणी हात न लावताही आकडा खोटा होतो. चाक जड झालं, ब्रेक मात्र तेच, त्यामुळे गाडी थांबायला जास्त जागा घेते. क्लचवर भार वाढतो. एवढं करून मिळतं काय, तर ॲक्सलच्या हाऊसिंगखाली दोन इंच जास्त जागा. पाट्याचे शॅकल लांब करून गाडी उंच केली असेल तर तेही मिळत नाही. चासी वर जाते, हाऊसिंग होतं तिथेच राहतं, आणि प्रोपेलर तिरका होऊन क्रॉस खात बसतो. माझ्या जीपचे क्रॉस का जात होते हे मला तेव्हा कळलं.

आमच्या खारीच्या चिखलाचंही सांगतो, कारण घाटावरची मुलं मोठ्या टायरवर फार विसंबतात. घाटावरच्या चिखलाला खाली मुरूम किंवा खडक असतो, चाकाला कुठेतरी तळ लागतो. खारीत तळ लागत नाही. मड टायरच्या खाचा दोन फेऱ्यांत भरून चाक गुळगुळीत होतं. तिथे हवा कमी करणं, फळ्या टाकणं आणि सावकाश जाणं हेच उपयोगी पडतं. आणि त्या चिखलात मीठ असतं. नागाव-काशीदच्या वाळूवर, लाटांत फिरवलेल्या गाड्यांचंही तेच. मीठ चासीच्या पोकळीत बसतं आणि आतून खातं. अशी गाडी बघायला गेलात तर पायाखालचं मॅटिंग उचला, सीटचे बोल्ट बघा, फरशीच्या पत्र्याला आणि चासीला चुंबक लावून पाहा. लोखंडावर चिकटतं, पुटीवर गळून पडतं. पोरांच्या कंपासपेटीतला चुंबक चालतो. जास्तीचे दिवे असतील तर त्यांच्या वायरी बॅटरीपर्यंत हाताने चाचपत जा. टेप गुंडाळलेले जोड मोजा.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि पुस्तकात नोंदलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं: बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. लोखंडी बंपरविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये श्रीनगरच्या न्यायालयाने बदल केलेल्या थारच्या मालकाला सहा महिन्यांची शिक्षा सुनावली आणि मग चांगल्या वर्तनाच्या हमीवर त्याला सोडलं. बदल कोणी केला हे रस्त्यावर अडवणारा पोलीस विचारत बसत नाही. गाडी ज्याच्या नावावर, त्याच्याशी तो बोलतो. कापणारा कापून मोकळा होतो, विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो आणि शेवटी घेणाऱ्याच्या गळ्यात सगळं येतं. ते आठ लाख कोणा दुसऱ्याने त्याच्या हौशीवर खर्च केले. माझ्या पुतण्याने त्यांची भरपाई का करावी?

मला बदलांचा राग नाही. डांबरी रस्त्यासाठी घडवलेल्या गाडीला आमच्या बांधावर चालवायचं तर थोडं काही करावंच लागतं, आणि मनापासून, मोजूनमापून काम करणारे लोक मी पाहिले आहेत. पण आज त्यांनाही ते चोरूनच करावं लागतं. म्हणून नोंद राहत नाही, आणि नोंद नाही म्हणून कापलेली चासी पुटीखाली खपते. जर्मनीत चाकं, स्प्रिंगा बदलल्या तर तज्ज्ञ गाडी तपासतो आणि योग्य असेल तर तो बदल गाडीच्या कागदावर चढतो. पुढच्या घेणाऱ्याला सगळं वाचता येतं. आपल्याकडे सीएनजीचं किट पुस्तकावर चढतंच की. मग टायरचा एखादा मोठा आकार, मागचा ओढायचा हुक, असे सुरक्षित बदल ठरवून, तपासून पुस्तकावर का चढू नयेत? जे धोक्याचं आहे, चासी कापणं, नोंदीशिवाय इंजिन बदलणं, त्याला मुळीच सूट नको. एमएच ०६ चं आरटीओ कार्यालय आमच्या पेणलाच आहे. जुनी फोर बाय फोर एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर होताना ती खड्ड्यावर चढवून एकदा खालून पाहिली जावी आणि इंजिनाचा नंबर पुसून वाचला जावा, एवढा नियम सरकारने केला तरी कितीतरी घरांचे पैसे आणि एखाद्याचा जीव वाचेल. माझ्यासारख्याने त्यासाठी जास्तीची फी आनंदाने भरली असती.

तोवर विकणाऱ्यांना माझी विनंती आहे: दोन याद्या द्या. घातलेल्याची द्या आणि काढलेल्याचीही द्या.

पुतण्याने त्या माणसाला माझ्यासमोरच फोन लावला. मूळ टायर? ते कोणाला तरी देऊन टाकले. बंपर? भंगारात गेला. विंच बसवताना पुढे काही कापावं लागलं का? त्यावर तो जरा थांबला आणि म्हणाला, गाडी एकदा चालवून तर बघा, प्रेमात पडाल. पुतण्याने बघून सांगतो म्हणून फोन ठेवला.

आम्ही गेलो नाही. पेणजवळच्या एका गावात २०१४ ची थार आहे, मालक शेतकरी, टायर कंपनीच्याच मापाचे, मागे एक हुक तेवढा लावलेला. हा हंगाम उरकला की ती बघायला जायचं ठरलं आहे. त्या मिस्त्रीलाही यायला सांगितलं आहे.