रिकाम्या खोलीची तजवीज

महाविद्यालयाची नवी इमारत उभी करावयाची झाली म्हणजे प्रयोगशाळा, ग्रंथालय, उपाहारगृह, इतकेच काय पण वाहनतळाचीही तजवीज नकाशातच झालेली असते. परंतु ज्याला वेळेवर नमाज पढावयाचा आहे, ज्याला जप करावयाचा आहे, किंवा ज्याची कशावरच श्रद्धा नसूनही घरून आलेल्या दुःखद वार्तेनंतर कोणाशी न बोलता घटकाभर बसावयाचे आहे, त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला जिन्याखालची अडगळ येते.

विद्यालयात उपासनेचे प्रयोजन काय, हा विवेकवाद्यांचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तथापि संविधानाच्या २८व्या अनुच्छेदाने मज्जाव केला आहे तो सर्वस्वी शासकीय निधीवर चालणाऱ्या संस्थांतील धर्मशिक्षणाला, आणि शासनमान्य वा अनुदानित संस्थेत संमतीवाचून कोणालाही उपासनेस हजर ठेवण्याला. चार भिंतींची मूक खोली या दोहोंपैकी काहीच करीत नाही.

शांतिनिकेतनात देवेंद्रनाथ ठाकुरांच्या प्रेरणेने १८९१ मध्ये उभे राहिलेले, रंगीत काचांचे उपासनागृह तेथल्या शाळेहून दहा वर्षांनी वडील आहे. त्यात मूर्ती नाही, बुधवारी तेथे प्रार्थना होते, आणि म्हणूनच बुधवार हा तेथील सुटीचा वार ठरला. परंतु ब्राह्मो उपासनेची एक ठरीव रीत त्या वास्तूला जन्मतःच लाभलेली होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेच्या आवारात १९५५ मध्ये ईरो सारिनेन या वास्तुकाराने सर्व पंथांसाठी म्हणून जे विटांचे वर्तुळाकार प्रार्थनागृह बांधले, त्याची कीर्ती यथार्थ आहे: भोवती उथळ पाणी, भिंतींना नेहमीच्या खिडक्या नाहीत, पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खालून आत शिरतो आणि छताच्या गवाक्षातून उतरणारा उजेड हॅरी बर्टोइयाच्या धातुपत्र्यांवर थबकत शुभ्र संगमरवरी वेदीवर येतो. तरीही, क्रूस नसला तरी वेदी आणि तिच्याकडे तोंड केलेली आसने ही चौकट ख्रिस्ती मंदिराचीच, हे जमिनीवर कपाळ टेकणाऱ्याच्या तत्काळ ध्यानी येते. सौंदर्याने तटस्थता सिद्ध होत नाही.

आपल्याला इतक्या ऐश्वर्याची आवश्यकताही नाही. स्वच्छ फरशी, गुंडाळून ठेवता येतील अशा चटया, पाठ न वाकणाऱ्यांसाठी दोन-चार खुर्च्या, बाहेर पादत्राणांची फळी, आणि वजू करता येईल अशा बेताने, बसून हातपाय धुण्याजोगा नळ: एवढ्याने काम भागते. खरी अडचण कारभाराची आहे. किल्ली कोणाकडे, सामुदायिक प्रार्थनेला मुभा किती आणि एकट्याने बसणाऱ्याचा हक्क कोणत्या वेळी अबाधित, मुलींना तेथे निर्धास्तपणे जाता येईल अशी व्यवस्था कोणती, याचे नियम दारावर लावलेले असावेत आणि ते विद्यार्थ्यांशी विचारविनिमय करून ठरलेले असावेत. केवळ दफ्तरातून सुटलेल्या हुकुमाने ते टिकणार नाहीत.

आणि आपल्या देशात भिंत फार काळ कोरी राहत नाही, हेही विसरून चालणार नाही. कचेरीत साहेबांच्या खुर्चीमागे एक तसबीर येते, मग हार, मग उदबत्ती, आणि वर्षभरात तिची वार्षिक पूजा हा शिरस्ता होऊन त्याची वर्गणी मागितली जाते. या खोलीतही कोणीतरी भक्तिभावाने पहिली तसबीर आणील. ती बहुसंख्याकांच्या दैवताची असेल, हे गृहीत धरावयास हरकत नाही. आणि ती सन्मानपूर्वक परत करण्याचे धैर्य ज्या प्राचार्यांच्या अंगी नसेल, त्यांनी ही खोली बांधण्याच्या भरीस पडू नये.