गाणे कानात राहिले, कंठातून गेले

मराठी रसिकाच्या गीतसंग्रहाला शिस्त नसते आणि तेच त्याचे भूषण आहे. पंडित भीमसेन जोशी यांच्या अभंगवाणीशेजारी आशा भोसले यांची ठसकेबाज लावणी असते. बालगंधर्वांचे पद संपते न संपते तोच मदनमोहन यांनी स्वरबद्ध केलेली लतादीदींची गझल लागते, आणि रामनवमी आली की गीतरामायणावाचून त्या घराचे चालत नाही. एकेकाळी हा संसार कॅसेटच्या खणात मावत असे. आज तो मुठीतल्या फोनमध्ये सामावला आहे.

या सरमिसळीकडे पाहून नाक मुरडणारे सोवळे रसिकही आहेत. काहींना रागदारीखेरीज अन्य काही ऐकवत नाही. काहींना लावणीचे नाव काढताच घरातील मुलांच्या संस्कारांची चिंता वाटू लागते. यातील दुसरा वर्ग विचारपरिवारातील घरांतही कमी नाही, म्हणून त्याचा समाचार आधी घेतला पाहिजे. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील पदांच्या चाली आल्या कोठून? साकी आणि दिंडी आल्या कीर्तनातून, काही चाली लावणीतून, तर काही घराघरांतील स्त्रियांच्या गाण्यांतून. कालिदासाची शकुंतला मराठीत गाऊ लागली ती या उसनवारीवर. कीर्तन करणारा आणि लावणी रचणारा सोलापूरचा रामजोशी तर एकच माणूस होता. त्याच्यावरील १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाशी जोडलेले नाव ग. दि. माडगूळकरांचे, आणि पुढे आठ वर्षांनी गीतरामायण लिहिणारी लेखणीही त्यांचीच. शृंगार आणि भक्ती यांच्यात कुंपण घालणाऱ्यांनी गदिमांची कोणती वही फाडायची ते आधी ठरवावे.

गीतरामायणाची कथा नव्या पिढीला पुन्हा सांगावी अशी आहे. पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून हा उपक्रम निघाला. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पहिले गीत प्रसारित झाले आणि मग आठवड्याला एक नवे गीत, असे वर्ष सरले. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५६ झाली. संगीत सुधीर फडके यांचे. हे बाबूजी म्हणजे संघाचे स्वयंसेवक. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात ते प्रत्यक्ष उतरले होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, बबनराव नावडीकर अशा अनेकांच्या कंठांतून ती गीते आली. लोक वही-पेन्सिल घेऊन रेडिओपाशी बसत आणि पुढच्या प्रसारणापर्यंत कडवी पाठ करीत.

त्या रचनेतील एक गुण मात्र सहसा नोंदवला जात नाही. राग गीतागणिक बदलतो, परंतु बहुतेक गीतांत एकच चाल सर्व कडव्यांना पुरते आणि ध्रुवपद पुनःपुन्हा येते. म्हणजे ज्याला ‘गाता येत नाही’ अशा माणसालाही दुसऱ्या कडव्यापासून साथ करता यावी. वारकऱ्यांचा अभंग शतकानुशतके टिकला तोही याच बळावर. टाळकऱ्यांच्या रांगेत कोणी कोणाच्या आवाजाची परीक्षा घेत नाही. बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती; शेतात आणि घरोट्यावर त्या गात राहिल्या. ती गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटातून ज्यांनी जाते कधी पाहिलेही नव्हते अशांपर्यंत पोहोचली.

आज या परंपरेचा कोणता भाग निसटतो आहे? ध्वनिमुद्रणे सुरक्षित आहेत. त्यांच्यामुळे खेड्यातील शेतकऱ्यालाही भीमसेनजी ऐकता आले, हे ऋण मोठे आहे. २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’ या चित्रपटाने जितेंद्र अभिषेकी यांच्या १९६७ मधील चाली महाविद्यालयीन तरुणांच्या ओठी आणल्या, हेही खरे. परंतु आता घरात गाणे ऐकले जाते आणि म्हटले जात नाही. दूरचित्रवाणीवरील स्पर्धांनी तर सामान्य माणसाच्या मनात असा धाक बसवला आहे की परीक्षकांसमोर उभे राहण्याजोगा आवाज नसेल तर तोंड उघडू नये. मंगळागौरीचे गाणे विकतच्या संचाकडून येते. पाळणा फोन म्हणतो. आजीला येणाऱ्या चाली आजीबरोबरच जातात, आणि त्यांचे ध्वनिमुद्रण कोणाकडेच नसते.

संघशाखेने या धाकाला आजवर दाद दिली नव्हती. तेथील सांघिक गीतांखाली कवीचे नाव बहुधा नसते आणि गाणाऱ्याचे तर कधीच नसते. गीत सांगणारा सुरात असला तर उत्तमच, नसला तरी पुढची ओळ येतेच. बौद्धिकापूर्वी वैयक्तिक गीत म्हणायला उठवलेल्या कित्येक किशोरांची भीड तेथेच चेपली. मात्र हल्ली काही कार्यक्रमांत ध्वनिवर्धकावर तयार वाद्यमेळ लावून त्यावर एकाने गायचे आणि शेकडोंनी टाळ्या वाजवायच्या, अशी प्रथा शिरू लागली आहे. ऐकायला ते गोड लागते. गीत मात्र त्या एकालाच पाठ होते.

येत्या रामनवमीला गावोगावी गीतरामायणाचे कार्यक्रम होतील आणि गायक-वादक नामांकित असतील. आयोजकांनी त्यांना एवढेच सांगावे की ध्रुवपद श्रोत्यांवर सोपवा. पहिल्या दोन गीतांना सभागृह संकोचेल. तिसऱ्याला मागच्या रांगेतील एखादे आजोबा सुरुवात करतील. त्यांना ध्रुवपदच काय, सगळी कडवी पाठ असतात.