बॉयलर नव्हे, पिंप!

'बॉयलर फुटला' हे दोन शब्द आपल्या बातमीदारांनी काही वर्षे पेटीत घालून ठेवावेत, अशी माझी नम्र (आणि थोडी चिडलेली) सूचना आहे.

२६ मे २०१६ रोजी डोंबिवलीत प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ माणसे गेली. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच, बॉयलर. चौकशीत बोट गेले ते प्रोपार्जिल क्लोराईड नावाच्या रसायनाच्या हाताळणीकडे. तो अहवालसुद्धा माहितीच्या अधिकारात मागून मिळवावा लागला, त्यात दोनेक वर्षे गेली. पुढे २३ मे २०२४ ला त्याच औद्योगिक वसाहतीत अमुदान केमिकल्स. पुन्हा बॉयलर! नंतर कळले की फुटला तो रिअ‍ॅक्टर, नोंदणी केलेला बॉयलर तिथे नव्हताच.

मास्तर, शब्दावरून कशाला भांडता, असे कोणी म्हणेल. भांडतो, कारण बॉयलर म्हटले की दोष लोखंडाचा होतो. बॉयलरला १९२३ पासून स्वतंत्र कायदा आहे, तपासनीस येतो, दाखला देतो. शेडमध्ये रचलेल्या पिंपांनाही नियम आहेत हो, पण ती थप्पी बघायला कोण जातो? कोणते पिंप कशाच्या शेजारी, किती उंच, उन्हात की सावलीत, हे कोणीतरी ठरवलेले असते. निदान ठरवायचे टाळलेले तरी असते.

आम्ही मोहन्याचे लोक. २००९ मध्ये बंद पडेपर्यंत एनआरसीच्या भोंग्यावर आमचे घड्याळ चाले. (धोका गेला, त्याबरोबर पोटही गेले, तो विषय वेगळा.) रेयॉन करायला कार्बन डायसल्फाईड लागते. हे द्रव्य पाण्यापेक्षा जड, पाण्यात न विरघळणारे, म्हणून पाण्याच्या थराखाली साठवतात. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरपटत दूरवर जाते. आणि पेटायला काडी लागतेच असे नाही, वाफेचा तापलेला पाइपही पुरतो! आता सांगा, अशी वस्तू हाताळणाऱ्याला तिचे नाव आणि स्वभाव ठाऊक नको? नदीकाठच्या शेजारी शहाडला, सेंच्युरी रेयॉनमध्ये, २३ सप्टेंबर २०२३ ला स्फोट होऊन कामगार गेले, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत चूल पेटली नाही. रेयॉन म्हणजे काय, ते या पट्ट्यात नव्याने सांगावे लागत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी ठेकेदाराकडे रोजंदारीवर पिंपे चढवतो-उतरवतो. कंपनीचे नाव सांगत नाही, त्याची भाकरी जाईल. मी विचारले, "काय असते रे त्यात?" म्हणाला, "सर, निळ्यात जळजळतं ते, आणि पांढऱ्यात वास येतो ते." मराठी मी शिकवले होते, वाचता उत्तम येते त्याला. पण चिठ्ठी इंग्रजीत, तीही अर्धी खरवडलेली. त्याच्या जोडीदाराला ओडिया येते आणि कामापुरती हिंदी. मग साहेब म्हणतात, कामगार अडाणी, हातमोजे घालत नाहीत! ज्याच्यापासून जपायचे त्याचे नावच सांगितले नाही, तर मोजे घालायचे कशासाठी?

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकीन जहाज फुटले. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके, शिवाय कापसाच्या गाठी. धोकादायक माल असला की लाल बावटा लावायचा नियम होता. तो लावलेला नव्हता. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्या दिवशी गेले. दरवर्षी १४ एप्रिलला आपण अग्निशमन सप्ताह सुरू करतो, शाळेत मुलांना रांगेत उभे करून मीही भाषणे दिली आहेत. बावट्याचे मात्र कोणी बोलत नाही.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन मालकावर बंधन आले की धोक्याची माहिती कामगारालाच नव्हे, आसपासच्या वस्तीलाही द्यावी. आता तो कायदा नव्या संहितेत गेला, बंधन तिथेही आहे. कागदावर आम्ही फार श्रीमंत आहोत.

डोंबिवलीचे कारखाने हलवा, अशी एक मागणी होते. हलवा की. पण नाव नसलेले पिंप आपल्या दारातून काढून दुसऱ्या गावाच्या दारात ठेवणे याला मी सुरक्षा म्हणत नाही. मला हवे आहे ते स्वस्त आहे. प्रत्येक पिंपावर मराठी आणि हिंदीत नाव, काय केले तर पेटते, अंगावर उडाले तर काय करायचे. आणि फाटकाबाहेर एक फळा, आत आज काय किती साठवले आहे त्याचा. फळ्यावर रोज तारीख बदलायला किती वेळ लागतो ते मी चांगले जाणतो.

भाचेमंडळींपैकी तिघे तळोजा, महाड आणि तारापूरला आहेत. बाळांनो, उद्या गोदामात जाल तेव्हा पिंपावरचा कागद कोणत्या भाषेत आहे ते बघा आणि मला कळवा. कागदच नसेल तर तेही कळवा.