खाप्याचा काळा-तांबडा वाडगा

खापा म्हटले की नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर सावनेर तालुक्यातील, कन्हान नदीच्या काठावरचे गाव उभे राहते. हातमागाचे, मँगनीजच्या खाणींच्या परिसरातले, १८६७ साली नगरपालिका लाभलेले असे ते खापा. परंतु नागपूर जिल्ह्यात आणखी एक खापा आहे आणि ते बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. नागपूरच्या दक्षिणेस, बुटीबोरीच्या परिसरात, विक्तुबाबांच्या टाकळघाटाजवळ ते वसले आहे. १९६८-६९ च्या हंगामात नागपूर विद्यापीठाने डॉ. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली टाकळघाट आणि खापा या दोन्ही ठिकाणी उत्खनन केले आणि १९७० साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. टाकळघाटला जुन्या वस्तीची पांढरी सापडली, तर खाप्याला मृतांसाठी रचलेली शिळावर्तुळे. काळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा.

या उत्खननाचा उल्लेख झाला की बहुधा लोखंडी आयुधांची आणि घोड्यांची चर्चा होते. शिळावर्तुळे बांधणाऱ्यांना लोखंड उत्तम अवगत होते, हे नाईकुंडला सापडलेल्या भट्टीने पुढे सिद्धही झाले. पण आयुधांच्या शेजारी, मृताच्या सोबतीला ठेवलेली मातीची भांडीही होती, आणि त्यांत मोठा भाग वाडग्यांचा. हे वाडगे चाकावर घडवलेले आहेत. आतून आणि काठाशी काळेभोर, बाहेरून खालच्या बाजूस तांबडे. पुरातत्त्वाच्या भाषेत ही काळी-तांबडी भांडी. एकाच मातीच्या एकाच भांड्यावर हे दोन रंग आले कसे, हा प्रश्न ज्याला पडला, त्याला आपल्या कारागिराच्या बुद्धीची ओळख पटू लागली असे समजावे.

रंग लावून हे साधलेले नाही. मातीत लोहाचा अंश असतो. भाजताना तिला भरपूर हवा मिळाली की ती तांबडी होते. हवा तुटली आणि धुराचा कोंडमारा झाला की काजळी अंगात मुरून ती काळी होते. वाडगा पालथा घालून, त्याचे तोंड भुसा, शेण, पालापाचोळा अशा जळणात पुरून भाजला, तर आतल्या पोकळीत हवा पोचत नाही आणि बाहेरचा भाग मात्र उघड्या आचेवर राहतो. दोन रंगांची रेषा कोठे उतरणार, हे वाडगा किती खोल पुरला यावरून ठरते. हा पालथा भाजण्याचा उलगडा बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. भाजण्यापूर्वी ओलसर भांडे गारगोटीने घोटलेले असते. त्या घोटाईने मातीची छिद्रे बुजतात, पृष्ठभागाला चकाकी येते आणि पाणी कमी झिरपते. म्हणजे या वाडग्याची शोभा आणि त्याची उपयुक्तता एकाच हातमेहनतीतून आली आहे.

येथे एक पथ्य पाळले पाहिजे. ही विद्या जगात आपल्याकडेच होती, असे म्हणण्याचा मोह आवरावा. वरचा काठ काळा आणि अंग तांबडे अशी भांडी प्राचीन इजिप्तमध्येही घडत होती. अभिमान वाटावा असे खरे वास्तव वेगळे आहे. राजस्थानातील आहाड-गिलुंडपासून कर्नाटकातील ब्रह्मगिरी आणि तमिळनाडूतील आदिचनल्लूरपर्यंत, वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांनी काळ्या-तांबड्या भांड्यांची ही विद्या जपली. राज्ये वेगळी, दैवते वेगळी, अंत्यसंस्कारांच्या रीती वेगळ्या, पण आव्यातून निघणारे भांडे एकमेकांना ओळख देणारे. एकात्मतेवर व्याख्याने देणाऱ्यांनी हे उदाहरण क्वचितच वापरले आहे.

आता आजच्या कुंभारवाड्याकडे वळू. तेथे तंत्र पुष्कळसे तेच आहे. तळ्याची माती आणायची, वाळवून फोडायची, चाळायची, भिजत घालायची, राख किंवा घोड्याची लीद मिसळून पायांनी तुडवायची, मग चाकावर गोळा मध्यावर बसवायचा. वाडग्यासारखे उघड्या तोंडाचे भांडे दिसते सोपे, पण त्याचा काठ फाकताना तोल गेला की सारे बसकण मारते. पहिल्या दिवशी शिकणारा गोळा मध्यावर आणू शकत नाही. तेवढ्यासाठीच आठवडे जातात. मोठे भांडे असेल तर चाकावरून उतरवल्यावर आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकतात. हे थापटणे आपल्या संतपरंपरेतही आले आहे. गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणे मारून कोणते मडके कच्चे ते सांगितले, आणि नामदेवमहाराजांची त्यातून सुटका झाली नाही.

विजेचे चाक आले याबद्दल हळहळ करणाऱ्यांशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. दांड्याने जड चाक फिरवून कंबर मोडून घेण्यात कोणतीही संस्कृती नाही. संस्कृती बोटांत आहे, चाकाला गती कोणी दिली यात नाही.

अडचण सजावटीत आहे. शहरातल्या प्रदर्शनांत जे मातीचे वाडगे, पणत्या आणि कुंड्या दिसतात, त्यांवर भाजून झाल्यावर तैलरंग, सोनेरी भुकटी आणि टिकल्यांचा मारा केलेला असतो. असा वाडगा जेवणाच्या उपयोगाचा राहत नाही. त्यात दही विरजता येत नाही की अंबाडीची भाजी वाढता येत नाही. तो फडताळातला देखावा होतो, आणि देखावा एकदाच विकत घेतला जातो. नक्षीची जागा कच्च्या, ओलसर मातीवर आहे. फणीने ओढलेल्या लाटा, दोरीचा ठसा, नखाची किनार, गेरूचा लेप, गारगोटीची घोटाई हे सारे आचेतून पार पडते आणि धुतल्याने जात नाही. टाकळघाटच्या तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची साधी रेखीव नक्षी आढळली आहे; ती अडीच हजार पावसाळे मातीखाली राहूनही ओळखू येते. आजच्या वाडग्यावरचा सोनेरी रंग पुढच्या दिवाळीपर्यंत टिकत नाही.

चकचकीत काचलेप असलेल्या भांड्यांबाबत गृहिणींनी एक सावधगिरी बाळगावी. कमी आचेवर चमक आणण्यासाठी काही ठिकाणी लेपात शिसे वापरले जाते, आणि आंबट पदार्थ ठेवल्यास ते अन्नात उतरते. दही, कढी, लोणचे यांसाठी भांडे घेताना लेप शिसेमुक्त आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. उत्तर टाळले गेले तर बिनलेपाचा साधा वाडगा घरी न्यावा.

शासन काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये कुंभारकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य, प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत विनातारण कर्ज अशा तिच्या तरतुदी आहेत. खादी व ग्रामोद्योग आयोग विजेची चाके वाटतो. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे त्याची ग्रामीण कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही आहे. पण या योजनेत एक मोठी उणीव राहिली आहे. लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळतो. कुंभारकाम हा मुळात एकट्याचा धंदाच नाही. चाकावर पुरुष बसला तरी माती मळणे, घोटाई, नक्षी, आवा रचणे आणि बाजारात बसून विकणे यांचा भार बहुतेक घरांत बाईवर असतो. नोंद होते ती चाकावरच्या माणसाची. म्हणजे ज्या कौशल्यावर वाडग्याची किंमत दुप्पट व्हायची, त्या सजावटीच्या कौशल्याला प्रशिक्षणही नाही आणि ओळखपत्रही नाही. चाक आणि सजावट अशा दोन स्वतंत्र नोंदी एका कुटुंबाला करता आल्या पाहिजेत. ही मागणी विणकरांच्या घरांनाही तितकीच लागू पडेल.

दुसरा प्रश्न मातीचा. परंपरागत कुंभारांना ठरावीक मर्यादेपर्यंत मातीवरील स्वामित्वधन माफ आहे; पण माफी कागदावर असून भागत नाही, माती काढायला जागा लागते. पूर्व विदर्भात मालगुजारी तलावांची मोठी संपत्ती आहे. महाराष्ट्रात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राबवली गेली. योजना चांगली, पण तिच्या नावात शिवार आहे, चाक नाही. तलावाचा गाळ काढताना त्यातली चिकण, घडवण्याजोगी माती गावातील कुंभारांसाठी बाजूला काढून ठेवावी, असा ठराव ग्रामसभेला करता येईल. यासाठी फारसा खर्च नाही. कोणीतरी सभेत उभे राहून विषय मांडायला हवा. आपल्या कार्यकर्त्यांना याहून सोपे काम कोणते?

जपानचे उदाहरण येथे उपयोगी आहे. महायुद्धात बेचिराख झालेल्या त्या देशाने १९५० साली सांस्कृतिक वारशाच्या रक्षणाचा कायदा केला आणि वस्तूंबरोबर कारागिरांच्या विद्येलाही वारसा मानले. माशिको गावात साधी घरगुती भांडी घडवणाऱ्या हामादा शोजी यांना १९५५ साली त्याखाली राष्ट्रीय सन्मान मिळाला. आपल्याकडे मडके संग्रहालयात गेले की वारसा ठरते आणि ते घडवणारा मागास धंद्यात मोडतो.

खुद्द वारशाचीही स्थिती बिकट आहे. जुनापाणीच्या शिळावर्तुळांतून एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या ब्रिटिश अधिकाऱ्याने गोळा केलेल्या वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत. ज्या गेल्या त्या गेल्या. पण नागपूरच्या भोवतालची शिळावर्तुळे शेतीच्या विस्तारात, मुरुमाच्या खाणींत आणि नव्या वसाहतींत झिजत आहेत, त्याला कोणताही इंग्रज जबाबदार नाही. खाप्याचा वाडगा घडवणाऱ्याची भाषा कोणती, कुळ कोणते, हे ती माती सांगत नाही. त्याच्या बोटांनी उमटलेली चाकावरची वळणे मात्र वाडग्यांवर आजही दिसतात.

विद्यापीठाने एक करावे. जिल्ह्यातील कुंभार कुटुंबांना, विशेषतः तेथील महिलांना, वर्षातून एकदा बोलावून ही भांडी त्यांच्या हातात द्यावीत, काचेआड ठेवून नव्हे. पालथे भाजण्याचा प्रयोग त्यांच्याच आव्यात करून पाहावा. आणि संक्रांतीची सुगडी, नवरात्राचा घट, अक्षय तृतीयेचा करा एवढ्यापुरतेच कुंभाराचे दार गाठणाऱ्या आपल्या घरांनी वर्षभरात सहा वाडगे जास्तीचे घ्यावेत. बिनरंगाचे, घोटलेले, टिचकी मारल्यावर खणखणीत वाजणारे. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावेत, मग त्यात दही लावावे.