फुकट ते चोरीचेच?

चांगली वस्तू फुकट मिळाली की मनात पाल चुकचुकते. २००९ मध्ये ‘इप्पोलिट’ हा बुद्धिबळाचा बलाढ्य संगणक-प्रोग्राम निनावी मंडळींनी मूळ संहितेसह फुकट खुला केला. ती आपल्या ‘रिब्का’ची नक्कल असल्याचा आळ वासिक रायलिख यांनी घेतला. पण रिब्काची संहिता कुलपात. ताडून पाहणार कशी? आळ सिद्ध झाला नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संगणक-खेळ संघटनेने रायलिख यांनाच ‘फ्रूट’ व ‘क्राफ्टी’मधून उचलेगिरी केल्याबद्दल दोषी ठरवून चार जगज्जेतेपदे काढून घेतली. त्यांनी इन्कार केला. चोराच्या उलट्या बोंबा, असे म्हणण्याचा मोह होतो. पण एकाचा दोष म्हणजे दुसऱ्याच्या सचोटीचा दाखला नव्हे. वाचकहो, पुरावा मिळेतो निनावी माणसालाही चोर म्हणू नये.