गॅरेजमध्ये ईव्ही चार्जर बसवताय? आधी वीजबिलावरचा ‘मंजूर भार’ पाहा

इलेक्ट्रिक कारची किंमत, रेंज, सबसिडी यावर भरपूर चर्चा होते. पण बंगल्याच्या मागे, अंगणाच्या टोकाला गॅरेज असेल, तर खरा प्रश्न असतो तिथवर वीज न्यायची कशी.

मंजूर भार म्हणजे वीज कंपनीने त्या घराला एका वेळी वापरायला दिलेली मर्यादा. तो बिलावरच छापलेला असतो. ५ किलोवॉट भार म्हणजे सिंगल फेजवर साधारण २२ अँपिअर. सात किलोवॉटचा चार्जर एकटाच ३२ अँपिअर घेतो. त्यात गीझर आणि एसी सुरू झाले की संपलंच. मग भार वाढवून घ्यावा लागतो, अनेकदा थ्री फेजही.

पण इतका मोठा चार्जर लागतो का? रोज ४० किलोमीटर धावणाऱ्या कारला साधारण ६-७ युनिट लागतात. १६ अँपिअरच्या प्लगवरचा ३.३ किलोवॉटचा चार्जर तेवढी वीज दोन-अडीच तासांत भरतो. रात्रभर गाडी उभीच असते. रोज लांबचा प्रवास नसेल, तर बहुतेकांचं यावर भागतं. विक्रेते हे सहसा आपणहून सांगत नाहीत.

धोका आहे तो वायरीत. गॅरेज ३० मीटरवर असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबं लागतं. अडीच एमएमच्या वायरीतून ३२ अँपिअर नेले, तर सुमारे १४ व्होल्ट वाटेतच जातात आणि जवळपास साडेचारशे वॅट उष्णता वायरीत तयार होते, तीही तासन्‌तास. मिक्सर दोन मिनिटं चालतो, चार्जर रात्रभर. त्यामुळे जुन्या दिव्याच्या लाइनवरून चार्जर जोडणं म्हणजे आगीला आमंत्रण. मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड केबल, वेगळा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आणि गॅरेजपाशी चांगलं अर्थिंग हवंच. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून प्लग लावणाऱ्याचा जीव शेवटच्या दोन गोष्टींवर असतो.

वेगळं मीटर घ्यावं का? केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार ईव्हीसाठी स्वतंत्र जोडणी मागता येते. मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत ७ आणि ग्रामीण भागात १५ दिवस. महाराष्ट्रात घरगुती दर स्लॅबने वाढतात. महिन्याला हजार किलोमीटर धावणारी कार दीडशेच्या आसपास युनिट खाते, म्हणजे २५० युनिटचं घर ४०० वर, ३०० नंतरच्या महागड्या स्लॅबमध्ये जातं. अशा घराला वेगळं मीटर परवडू शकतं, पण त्याचा स्थिर आकारही हिशोबात धरावा लागतो. गच्चीवर सोलर असेल तर मात्र चार्जर घराच्याच मीटरवर बरा, कारण सोलरची वीज त्याच बिलातून वजा होते.

केबलसाठी अंगण खणायचंच असेल, तर पाइप एक साइज मोठा टाकून घ्या. दुसरी गाडी आली तर पुन्हा फरशी फोडावी लागणार नाही.